पिकॅच्यूची कुळकथा

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२००३ साली कार्टून नेटवर्कवर 'पोकेमॉन' हिंदीतून दिसू लागले. त्या वेळी प्राथमिक शाळेत असलेली पिढी आता तिशीच्या उंबरठ्यावर आहे आणि त्या मालिकेचे शीर्षकगीत कानी पडले की तिला गलबलून येते. शिर्डी, राहाता, कोपरगाव या पट्ट्यात वाढलेले आम्हीही त्याच पिढीचे. ज्या गोष्टीसाठी गलबलून येते ती मुळात कुठून आली, हे मात्र आमच्यापैकी फार थोड्यांनी विचारले. ती मालिका एका खेळावर आधारलेली होती. तो खेळ त्याहून जुन्या एका खेळप्रकारातून निघाला होता. आणि त्या खेळप्रकाराचे कूळ मागे मागे शोधत गेलो तर आपण एका प्रशियन अधिकाऱ्याच्या टेबलावरून थेट बाणभट्टाच्या काळात जाऊन पोहोचतो.

आधी संज्ञा ठरवू. इंग्रजीत ज्याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात त्याला आपण 'भूमिकाखेळ' म्हणू. यात खेळाडू दुसऱ्या कुणाचे तरी सोंग घेतो. त्या पात्राच्या अंगी बळ किती, बुद्धी किती, आयुष्य किती हे आकड्यांत मांडलेले असते आणि अनुभवागणिक ते आकडे वाढतात. काय करायचे हे खेळाडू ठरवतो. ते साधले की नाही हे फासा ठरवतो. हे शेवटचे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागेल.

सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरित' लिहिले. हर्षाच्या राज्यातील शांततेचे वर्णन करताना तो श्लेष साधतो: चतुरंगाची मांडणी तेवढी अष्टापदावर, म्हणजे आठ बाय आठ घरांच्या पटावर, शिकवली जाते, रणांगणावर तिची गरजच उरलेली नाही. हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशी सेनेची चार अंगे पटावर मांडण्याची कल्पना तेव्हा वाचकाला परिचित होती, एवढे यावरून कळते. हा खेळ इराणात 'चतरंग' झाला, अरबांकडे 'शतरंज' झाला आणि युरोपात पोहोचल्यावर त्याला वजीर सोडून राणी मिळाली.

१७८० साली जर्मनीतील ब्रुन्सविक येथे हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट वाढवून हजारांहून अधिक घरांचा केला. घरांना रंग दिले. एका रंगाचे घर म्हणजे डोंगर, दुसऱ्याचे म्हणजे दलदल, तिसऱ्याचे म्हणजे पाणी. तोफखाना आला, पूल आले. सरदारपुत्रांना युद्धशास्त्र शिकवावे हा त्याचा हेतू होता.

त्यानंतरची उडी मोठी आहे. प्रशियात राइसवित्झ पितापुत्रांनी पटावरची घरेच काढून टाकली. वडिलांनी १८१२ साली आपला युद्धखेळ राजाला दाखवला. मुलाने १८२४ साली त्याचे नियम पक्के करून खऱ्या लष्करी नकाशावर तो मांडला. फाशांवरून नुकसान मोजायचे. प्रत्येक बाजूला फक्त तिच्या सैनिकांना दिसेल तेवढेच दाखवायचे. आणि या सर्वांवर एक पंच, जो दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकतो, मनात संपूर्ण रणांगण धरून ठेवतो आणि काय घडले ते सांगतो. सरसेनापतींच्या कार्यालयाला हा खेळ इतका पटला की तो सैन्यात रुजू झाला. धाकट्या राइसवित्झने मात्र १८२७ साली आत्महत्या केली. त्याचा पंच पुढे दीडशे वर्षांनी 'डन्जन मास्टर' या नावाने परत आला, हे त्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता.

येथे जरा थांबू, कारण 'बुद्धिबळ आपले, म्हणून पोकेमॉनही आपलेच' असा संदेश कुणीतरी लगेच पुढे ढकलणार आहे. कृपया ढकलू नका. पणजोबा एक असले म्हणून चौथ्या पिढीच्या शेतावर आपला हक्क लागत नाही.

दुसरा दावा त्याहून जवळचा, आमच्याच जिल्ह्यातला. 'सापशिडी ज्ञानेश्वरांनी निर्माण केली' असे आपण सारे ऐकत आलो आहोत. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्या नेवाशात सांगितली गेली ते शिर्डीहून गाडीने दोन-एक तासांवर आहे. त्यामुळे हा दावा इथे विशेष आपुलकीने केला जातो. परंपरा म्हणून तो जपण्यासारखा आहे. पुरावा म्हणून पाहिले तर आज उपलब्ध असलेले मोक्षपट, ज्ञानचौपड वगैरे बहुतेक पट अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत आणि जैन, वैष्णव अशा अनेक संप्रदायांत त्यांची रूपे सापडतात.

मला त्यात भूमिकाखेळाच्या दृष्टीने वेगळीच गंमत दिसते. मोक्षपटावरची सोंगटी म्हणजे घोडा नव्हे, प्यादे नव्हे. ती खेळणाऱ्याचा जीव आहे. तो काम-क्रोधाच्या सापाने खाली घसरतो, दया-भक्तीच्या शिडीने वर चढतो. 'पटावर मी स्वतः आहे' ही कल्पना युरोपातील युद्धखेळांत अजून यायची होती, तेव्हा आपल्याकडे ती कवड्या टाकून खेळली जात होती. तरीही मोक्षपट भूमिकाखेळ नाही. मघाचे वाक्य आठवा. मोक्षपटात काय करायचे हे खेळाडूला ठरवताच येत नाही. सगळेच फाशाच्या हाती. सापाच्या तोंडाशी उभे राहून 'मी वळसा घालून जातो' असे म्हणण्याची सोय त्यात नाही. प्रारब्धाचा धडा शिकवणाऱ्या खेळात ती नसणारच.

आणि तिसरी गोष्ट, जिला आपण खेळ म्हणून मोजतच नाही: दिवाळीतला किल्ला. दगड-विटा रचायच्या, गोणपाट टाकायचे, चिखल लिंपायचा, मोहरी किंवा आळीव पेरून कुरण उगवायचे, वर सिंहासनाधिष्ठित महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी बाजारपेठ. एच. जी. वेल्स या विज्ञानकथाकाराने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहून शिशाच्या सैनिकांशी घरातल्या जमिनीवर लढाया खेळण्याचे नियम दिले. ते वाचताना मला सारखे वाटत राहिले की भूभाग, छोटे सैनिक, कथा, असे सारे साहित्य आपल्या अंगणात होते. फक्त नियम नव्हते. आपला किल्ला बांधून झाला की खेळ संपतो; वेल्सचा तिथून सुरू होतो. यामागे श्रद्धा असावी, असे माझे मत. महाराजांचा गड कुणी फासे टाकून हरायचा कसा?

१९६९च्या सुमारास अमेरिकेतील मिनिआपोलिस-सेंट पॉल भागात डेव्हिड वेसली याने एका काल्पनिक जर्मन गावाची लढाई मांडली आणि खेळाडूंना सैन्ये देण्याऐवजी एकेक माणूस दिला: कुणी नगरप्रमुख, कुणी विद्यार्थ्यांचा पुढारी. खेळाचा बोजवारा उडाला, पण लोकांना तो प्रचंड आवडला. त्याच मंडळीतल्या डेव्ह आर्नेसनने तो प्रयोग राक्षस आणि भुयारांच्या जगात नेला. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्स मध्ययुगीन लढायांच्या नियमांवर काम करत होता. त्याची 'चेनमेल' ही पुस्तिका १९७१ साली निघाली होती. दोघांच्या मेळातून जानेवारी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आले. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. खोक्यात तीन पातळ पुस्तिका. सोबत पट नव्हता! पट खेळाडूंच्या डोक्यात.

नऊ वर्षांनी, १७ सप्टेंबर १९८३ रोजी, या खेळावरची बालमालिका अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. सहा मुले जत्रेतल्या एका गाडीत बसतात आणि गाडी त्यांना दुसऱ्याच जगात नेऊन टाकते. हॅंक धनुर्धर, एरिक ढालकरी, डायना कसरतपटू, प्रेस्टो जादूगार, शीला अदृश्य होणारी, धाकटा बॉबी गदाधारी. सोबत शिंगरू युनी. व्हेंजर हा खलनायक आणि पाच मुखांची टियामाट. पंच इथे बुटक्या, कोड्यात बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या रूपात दिसतो. मुलांना घरी परतायचे आहे, एवढीच कथा. १९८५ पर्यंत २७ भाग झाले आणि मालिका थांबली. घरी परतण्याच्या वाटेचा अखेरचा भाग लिहून तयार होता, पण चित्रित झालाच नाही. ब्राझीलसारख्या देशांत ती मुले आजही पन्नाशीच्या प्रेक्षकांच्या मनात अडकून पडलेली आहेत. अपूर्ण राहिलेली गोष्ट पूर्ण झालेल्या गोष्टीपेक्षा जास्त टिकते, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

या मालिकेची चित्रे जपानच्या तोएई ॲनिमेशन या संस्थेत रेखाटली गेली होती. अमेरिकी भूमिकाखेळ जपानी हातांतून जात होता. त्याच दशकात 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे १९८१चे अमेरिकी संगणकखेळ जपानी तरुणांना वेड लावत होते. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन युजी होरी याने १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' केला आणि जपानचा स्वतःचा भूमिकाखेळ जन्मला. आता पंचाची गरज संपली होती; त्याची जागा यंत्राने घेतली.

सातोशी ताजिरीकडे वळू. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

जन्म १९६५. टोकियोच्या कडेला माचिदा नावाच्या भागात बालपण. शेततळी, झाडी, भाताची खाचरे. या मुलाला किडे पकडण्याचा इतका नाद की सवंगडी त्याला 'डॉक्टर किडा' म्हणत. झाडाखाली दगड ठेवून द्यायचा, दिवसा भुंगेरे त्याखाली झोपायला येतात, मग अलगद उचलायचे, ही त्याची युक्ती. पुढे शहर वाढले. तळी बुजली, तिथे इमारती उभ्या राहिल्या. किडे गेले. मुले घरात बसून व्हिडिओ गेम खेळू लागली आणि ताजिरीही त्यातलाच एक झाला. त्याने 'गेम फ्रीक' नावाचे हाताने लिहिलेले नियतकालिक काढले. त्यातूनच १९८९ साली त्याच नावाची कंपनी झाली.

निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातयंत्राला दुसऱ्या यंत्राशी जोडणारी एक तार होती. इतरांना त्या तारेतून दोघांची झुंज दिसली. ताजिरीला त्या तारेवरून सरपटत जाणारा किडा दिसला. माझ्या डबीतला किडा तुझ्या डबीत. सहा वर्षे खपून २७ फेब्रुवारी १९९६ रोजी त्याने 'पॉकेट मॉन्स्टर्स'च्या लाल आणि हिरवी अशा दोन आवृत्त्या आणल्या. काही प्राणी फक्त लालमध्ये, काही फक्त हिरवीत. म्हणजे संग्रह पूर्ण करायचा तर मित्र हवाच. खेळाचा गाभा युद्ध नव्हे, देवाणघेवाण.

१ एप्रिल १९९७ रोजी त्यावरची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर आली. नायकाचे नाव सातोशी, निर्मात्यावरूनच. आपण त्याला ॲश म्हणून ओळखतो. पिकॅच्यू त्याला प्राध्यापकांकडून मिळाला; त्याने स्वतः पकडलेला पहिला पोकेमॉन कॅटरपी, म्हणजे सुरवंट. त्याचा कोश होतो, कोशाचे फुलपाखरू होते आणि एके दिवशी ॲश त्या फुलपाखराला थव्यात सोडून देतो. तो भाग पाहून रडला नाही असा माझ्या वर्गात कुणी नव्हता. निदान कबूल केले नाही एवढेच. आपण ज्या मालिकेच्या आठवणीने व्याकूळ होतो ती मालिका मुळातच एका माणसाने बुजलेल्या तळ्यांसाठी केलेले स्मरण होते.

आता ही गोष्ट शिर्डीच्या शिवारात आणून पाहा. गोदावरीच्या कालव्यांनी भिजलेला हा ऊस आणि पेरूच्या बागांचा टापू. काडेपेटीत बाभळीचा पाला घालून सोनकिडा पाळणे हा इथल्या मागच्या पिढीच्या पोरांचाही उद्योग होता. याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याला, पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला आज शहरांतून गाड्यांच्या रांगा लागतात. आणि शिर्डीत जिथे बागा होत्या तिथे भक्तनिवास, लॉज, वाहनतळ उभे राहिले. माचिदाला जे १९७०च्या दशकात झाले ते आपण आपल्या डोळ्यांदेखत पाहिले. ताजिरीची वेदना आम्हाला हिंदीतून, केबलवरून, ती वेदना आहे हे न कळता मिळाली.

केबलचा इतिहासही थोडक्यात. कार्टून नेटवर्क भारतात १ मे १९९५ रोजी आले. सुरुवातीला दिवसा कार्टून आणि रात्री त्याच वाहिनीवर जुने हॉलिवूड चित्रपट अशी विभागणी असे. त्याआधी आमच्या थोरल्या भावंडांची अद्भुतकथा होती ती १९५२ पासून मराठीत निघणाऱ्या 'चांदोबा'तली आणि १९९३च्या रविवार सकाळच्या दूरदर्शनवरील मोगलीची. २००३ पर्यंत हिंदीकरण स्थिरावले होते. गावोगावच्या केबलवाल्याने एका छत्रीवर अख्खी आळी जोडली होती. भारनियमनाने ऐन लढतीत घात केला की पुढचे शाळेत कुणीतरी सांगायचे आणि सांगताना हमखास वाढवून सांगायचे.

यात एक गोष्ट खटकण्यासारखी आहे. 'चांदोबा' मराठी होता. पोकेमॉन मराठीत आले नाही. शिर्डीच्या मुलाला हिंदी परकी नव्हती. इथल्या दुकानांच्या पाट्या तेलुगूतही असतात आणि पेढेवाला चार भाषांत भाव सांगतो. तरीही परिणाम असा झाला की आम्ही आईशी मराठीत बोलत होतो आणि अद्भुताशी हिंदीत. अंगणात लढाई सुरू झाली की भाषा बदलायची. 'जा, पिकॅच्यू' असे कुणी म्हणाल्याचे मला आठवत नाही, 'जाओ'च म्हणायचे. इंग्रजीने मराठीचे काय केले यावर आपण खूप लिहितो. कल्पनाविश्वातून मराठी इतक्या हसतखेळत कशी बाहेर पडली यावर फारसे लिहीत नाही.

दुसरी गोष्ट मात्र विलक्षण. आमच्यापैकी बहुतेकांनी गेम बॉय पाहिलाही नव्हता. जपानी मुलांना आधी खेळ मिळाला, मग मालिका. आम्हाला फक्त मालिका मिळाली, खेळाविना. मग काय झाले? चिप्सच्या पाकिटांतून टॅझो निघू लागले, त्या गोल चकत्या. माझ्याकडे दोन साइडक, तुझ्याकडे जादाचा चारिझार्ड, बोल, देतोस? नियम आम्हीच ठरवले, गल्लीगणिक वेगळे. ताजिरीच्या तारेवरून जे चालायचे तेच, तारेशिवाय. मूळ खेळ न पाहताही मुलांनी त्याचा गाभा हुडकून काढला होता. दिवाळीच्या किल्ल्यावरही बुरुजाआड एखादा पिकॅच्यू उभा असे. मोठी माणसे त्याला काढून टाकत, आम्ही परत ठेवत असू.

मोठ्यांच्या या नाराजीलाही इतिहास आहे. १९८३ साली मालिका सुरू झाली त्याच वर्षी अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'विरुद्ध पालकांची संघटना उभी राहिली. हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो असा आरोप होता. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातील लुकलुकत्या प्रकाशाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. हा धोका खरा होता आणि त्यानंतर प्रसारणाचे नियम बदलले. २००१ साली सौदी अरेबियाने पोकेमॉनवर बंदी घातली, त्यात कारण जुगाराचे होते. आपल्याकडे 'शक्तिमान'वरून असाच गदारोळ झाला आणि भागाच्या शेवटी उपदेशाच्या 'छोटी छोटी मगर मोटी बातें' आल्या. खरा धोका आणि कल्पित धोका यांतला फरक कुणी शांतपणे तपासल्याचे क्वचितच दिसते.

२०१६ साली वर्तुळ आणखी एकदा फिरले. 'पोकेमॉन गो' आले आणि फोनवरच्या नकाशात खऱ्या गावांत पोकेमॉन दिसू लागले. राइसवित्झने खेळ नकाशावर आणला होता. आता नकाशाच खेळ झाला. खेळातील थांबे प्राधान्याने स्मारके, पुतळे, देवळे असे नेमलेले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका आली: देवळांच्या जागी खेळातील 'अंडी' मिळतात, त्यामुळे हिंदू आणि जैनांच्या भावना दुखावतात. न्यायालयाने कंपनीला आणि सरकारला नोटिसा काढल्या. डिसेंबरमध्ये रिलायन्स जिओशी करार होऊन खेळ भारतात अधिकृतपणे आला. देवस्थानाच्या गावात राहणाऱ्या माणसाला ही याचिका हास्यास्पद वाटणार नाही. पवित्र जागेवर अदृश्य थर कुणी, कुणाला विचारून टाकायचा, हा प्रश्न त्या अंड्यांहून मोठा आहे.

आता कामाचे. १८२४च्या प्रशियन खेळाचे नियम आज कुणालाही वाचता येतात. बीबीसीने जुन्या टेपा पुसून वापरल्या, त्यात 'डॉक्टर हू'चे नव्वदहून अधिक भाग गेले, याची तारीखवार यादी आहे. २००३च्या शिर्डीत, संगमनेरात, श्रीरामपुरात मुले काय पाहत होती, कोणत्या आवाजांत पाहत होती, टॅझोचे नियम काय होते, याची नोंद कुठे आहे? हिंदी ॲशला आणि म्याऊथला आवाज देणाऱ्या कलावंतांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

म्हणून घरात माळ्यावर त्या काळात ध्वनिमुद्रित केलेली एखादी व्हिडिओ कॅसेट असेल तर फेकू नका. जाहिरातींसकट ठेवा, कारण तारीख बहुधा जाहिरातींवरूनच लागते. टॅझोंचा डबा सापडला तर दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा. आणि खाली उत्तरात लिहा: तुमच्या गल्लीत टॅझो उलटला की कुणाचा व्हायचा, ज्याने मारला त्याचा की ज्याचा होता त्याचा? गावाचे नाव आणि साल न विसरता. आमच्याकडे मारणाऱ्याचा व्हायचा. कोपरगावचे काही मित्र आजही हे मान्य करत नाहीत.